टोपीवाला आठ

आमच्या प्रयोगशाळेत मला सगळे मावशी म्हणतात. साठीला टेकलेले सर म्हणतात, कालपरवा रुजू झालेली पोरं म्हणतात, पंखा दुरुस्त करायला येणारा माणूसही म्हणतो. त्यामुळे दीड वर्षापूर्वी चिंगी इथे नोकरीला लागली आणि पहिल्याच दिवशी सवयीने सगळ्यांसमोर मला ‘मावशी’ अशी हाक मारून बसली, तेव्हा कुणाची मानसुद्धा वर झाली नाही. मी मात्र आधी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एका प्रयोगशाळेत दोन नातेवाईक चालणार नाहीत, असा सरांचा नियम. आणि चिंगी माझी सख्खी भाची. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, गेली तेव्हा चिंगी पाच वर्षांची होती. तेव्हापासून ती माझ्याच घरी वाढली.

माझं काम मोजायचं. सव्वीस वर्षं हेच करत होते. काचेच्या बशीएवढ्या प्लेटमध्ये जिवाणू पसरतात, त्यांच्यावर त्यांना मारणारा विषाणू सोडतात आणि दुसऱ्या दिवशी बघतात की कोण कोण वाचलं. वाचलेल्या एकेका जिवाणूची प्रजा वाढते आणि तिचा एक पांढरट ठिपका दिसतो. प्लेट दिव्यावर धरायची, डाव्या मुठीत मोजणीचं यंत्र घ्यायचं आणि ठिपक्यागणिक अंगठा दाबायचा. कट् वाजतं, आकडा एकाने पुढे जातो. सव्वीस वर्षांत माझा आकडा कुणाला खोटा पाडता आला नव्हता. मी हे मिरवायचे, खोटं कशाला बोलू.

मोजणाऱ्याला प्लेट कुणाची ते कळता कामा नये, हा दुसरा नियम. कळलं की नकळत अंगठा हलतो म्हणे. म्हणून प्लेटच्या बुडाला नुसता तीन आकडी नंबर असायचा, आणि कुठला नंबर कुणाचा याची यादी सरांच्या खणात कुलूपबंद. त्या आकड्यांचा अर्थही मला कुणी सांगायचं नाही. “तुम्ही मोजा मावशी, अर्थ आम्ही लावू,” असं सर हसून म्हणायचे. मला त्याचा राग यायचा, पण गिळायचे.

एवढी मोठमोठी शिकलेली डोकी, पण नंबर ज्याचा त्याने आपल्या हाताने लिहायचा आणि अक्षर ओळखू येतं, हे कुणाच्या टाळक्यात आलं नाही. चिंगीचा आठ मी हजार आकड्यांतून काढून दाखवीन. लहानपणी ती आठ असा वाकडा काढायची की भिंतीतला खिळा वाटायचा. मीच म्हटलं होतं, “आठाला टोपी घाल गं, म्हणजे नीट दिसेल.” तेव्हापासून तिच्या आठाच्या डोक्यावर एक छोटी आडवी रेघ असते. एकदा आठ ओळखला की बाकीचं अक्षर आपोआप ओळखू यायला लागतं.

ती नोकरीला लागून वर्ष होत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. एका प्लेटला बुरशी लागली म्हणून सर सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसले, “ही प्लेट आहे की उकिरडा?” ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली. मला नळाच्या आवाजामागचं रडणं ऐकू आलं. पुढच्याच आठवड्यात माझ्यासमोर प्लेटांचा ढीग आला. शून्य, दोन, एक, शून्य, तीन असे ठिपके, आणि मग मधेच एक प्लेट नुसती गजबजलेली. बुडाला टोपीवाला आठ.

मी मनात म्हटलं, घ्या, विषाणू नीट पसरला नाही आणि एवढे सगळे जिवाणू वाचले. आता पुन्हा बोलणी खाणार पोरगी. तरी मोजले मी शेवटपर्यंत, अर्धवट मोजून सोडणं मला जमतच नाही. एकशे एक्केचाळीस. आणि वहीत लिहिले तीन.

असं पाच महिन्यांत अकरा वेळा केलं. ती एकशे साठ प्लेटा करून मोकळी झाली, त्यातल्या अकरा मी सरळ करून टाकल्या. मला त्यात पाप वाटलं नाही. शाळेतही तिची चुकलेली बेरीज बाईंच्या हातात वही जायच्या आधी खोडरबराने पुसून मीच बरोबर करायचे. आईविना पोर, तिला कुणी का बोलावं?

आमच्याकडे एक उंच माणूस आहे. इतका उंच की दारातून वाकून येतो, म्हणून सगळे त्याला उंट म्हणतात आणि तोही ओ देतो. तोच जिवाणू, तोच विषाणू घेऊन त्याचंही काम चाललं होतं. त्याच्या ढिगातही अशा गजबजलेल्या प्लेटा निघायच्या. त्या मी होत्या तशा लिहिल्या. गबाळं आहे हे ध्यान, असं म्हणून लिहिल्या.

मग सरांनी खणातून यादी काढली, कुणाचे आकडे कोणते ते जुळवलं आणि चिंगी घरी आली ती अक्षरशः उड्या मारत. काहीतरी मोठं हाती लागलं होतं म्हणे. मला काय कळणार? मी तिच्या आवडीचं जेवण केलं. तीन आठवडे घरात नुसता आनंद होता. चौथ्या आठवड्यात तिला पत्र मिळालं. गुरुवारी सकाळी दहा वाजता चौकशी. बाहेरून एक तज्ज्ञ बाई येणार होत्या. प्लेटा मोजायला देण्याआधी चिंगीने नको त्या काढून टाकल्या आणि सोयीच्या पुढे केल्या, असा संशय होता. खरं ठरलं तर नोकरी जाणारच, पण नावाला जो काळिमा लागेल त्यानंतर तिला कुठलीच प्रयोगशाळा दारात उभी करणार नव्हती.

बुधवारी संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. ताट तसंच होतं.

“मी काढून नाही टाकली गं एकही,” ती म्हणाली. “शपथ.”

“मला माहीत आहे.”

“तुला कसं माहीत? तुला तर हेही माहीत नाही की मी काय करत होते.”

“मग सांग की.”

तिने टेबलावर बोटाने रेघोट्या मारत सांगितलं. वीस ट्यूब घ्यायच्या. प्रत्येकीत मोजके जिवाणू सोडून वेगवेगळे वाढू द्यायचे. मग एकेक ट्यूब एकेका प्लेटवर विषाणूसकट पसरायची. काही जिवाणू वाचतात. प्रश्न असा की वाचायची ती कला त्यांच्यात येते कधी? विषाणू अंगावर आल्यावर शिकतात, की तो यायच्या आधीच, आपोआप, कुणात तरी तो बदल होऊन बसलेला असतो?

“ते कसं कळणार?”

“समज एका घराण्यात नाक मोठं झालं,” ती म्हणाली. “पणजोबांपासूनच झालं असेल तर आज घरभर मोठी नाकं. काल जन्मलेल्या बाळात झालं असेल तर एकच नाक. तसंच हे. बदल आधीच, केव्हाही होत असेल, तर बहुतेक ट्यूबमध्ये शून्य, एक, दोन, आणि एखादीत एकदम शेकड्याने. विषाणू आल्यावर शिकत असतील, तर सगळ्या ट्यूबमध्ये थोडेथोडे, सारखेच. उंटाच्या पोटभर खाल्लेल्या जिवाणूंमध्ये मोठे आकडे आले. माझे जिवाणू उपाशी ठेवलेले. माझ्यात एकही आला नाही. एकशे साठात एकही नाही! म्हणजे उपाशी जिवाणू शिकतात, मावशी. हे कुणीच दाखवलं नव्हतं. म्हणून तर ती बाई म्हणतेय की आकडे फारच गुळगुळीत आहेत.”

माझ्या हातातला चमचा खाली पडला. तो उचलायलाही मी वाकले नाही.

“आणि एखादा मोठा आकडा आला असता तर?”

“तर काय, सगळंच उलट. माझं म्हणणं तिथेच संपलं असतं.” ती कसनुसं हसली. “पण मग चौकशीही झाली नसती.”

त्या क्षणी मी तिला सांगायला हवं होतं. तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या खोडरबराने तयार झाली होती. सांगितलं तर ती गोष्ट जाणार, आणि न सांगितलं तर पोरगीच जाणार. मी ताटं उचलली आणि भांडी घासायला लागले. भित्री म्हणा हवं तर, मीही स्वतःला तेच म्हटलं.

गुरुवारी मला वहीसकट आत बोलावलं. टेबलाच्या पलीकडे सर आणि त्या बाहेरच्या बाई. अलीकडे चिंगी, तिच्या शेजारी उंट. बाई पिकल्या केसांच्या, आवाज अगदी शांत. असल्या शांत माणसांची मला जास्त भीती वाटते.

सर म्हणाले, “एक गोष्ट स्पष्ट आहे. जिवाणू तेच, विषाणू तोच आणि मोजणारं माणूसही एकच. उंटाच्या प्लेटांत मोठे आकडे आले, हिच्या प्लेटांत नाहीत. म्हणजे मोजणीत खोट नाही. मावशींच्या मोजणीची मी ग्वाही देतो. जे झालं ते मोजणीच्या आधी झालं.”

चिंगीचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. माझी सव्वीस वर्षांची अब्रू तिच्या गळ्याभोवती आवळली जात होती.

“मोजणीतच खोट आहे,” मी म्हणाले.

“मावशी, तुम्ही घाबरू नका...”

“मी घाबरले नाही. हिच्या अकरा प्लेटांचे आकडे मी कमी लिहिले. खरे आकडे मला पाठ आहेत. लिहून घ्या.” आणि मी धडाधडा म्हणून दाखवले. एकशे एक्केचाळीस, चौतीस, बावीस, अठ्ठ्याहत्तर... बाहेरच्या बाई मान खाली घालून लिहीत गेल्या. चिंगी माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे सोडून सगळीकडे.

“का पण?” सर म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला.

“मला वाटलं तिच्या हातून खराब झाल्या. ती मला मावशी म्हणते, सर.”

“सगळेच म्हणतात!”

“मी तिची खरी मावशी आहे.”

उंटाची खुर्ची करकरली.

“प्लेट कुणाची हे तुम्हाला कळणार कसं?” बाईंनी विचारलं. मी टोपीवाल्या आठाबद्दल सांगितलं. त्यांनी मला बाहेर पाठवलं, प्रयोगशाळेतल्या चौघांकडून चिठ्ठ्यांवर नंबर लिहून घेतले आणि परत बोलावलं. मी चिंगीच्या सगळ्या चिठ्ठ्या एका हाताने बाजूला केल्या. दोन चिठ्ठ्यांमध्ये तर आठ नव्हताच.

“ओळखता येतं हे सिद्ध झालं,” बाई म्हणाल्या. “आकडे बदलले हे नाही. भाचीला वाचवायला मावशी एवढं खोटं सहज बोलेल.”

“बोलेन ना,” मी म्हणाले. “पण बाई, असं खोटं बोलायला त्या आकड्यांचा अर्थ आधी कळायला हवा. मला तो काल रात्रीच्या जेवणाला कळला, एका रात्रीत अकरा आकडे रचायला मी काय गणिती आहे? पाच महिने मी नुसती आंधळी माया करत होते.”

“मी पुन्हा करते,” चिंगी मधेच म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती. “पत्र आल्यापासून तेच म्हणतेय मी. तुमच्या डोळ्यांसमोर पुन्हा करते.”

ठरलं ते असं. तिच्या वीस उपाशी ट्यूब, उंटाच्या वीस पोटभर. नंबर बाईंनी छापून चिकटवायचे, यादी त्यांच्या पर्समध्ये. मोजायचं मीच, पण माझ्या मागोमाग बाईही मोजणार. सगळ्या उपाशी प्लेटा सरळ निघाल्या, तर मी खोटं बोलले असं धरून दोघींनाही घरी पाठवायचं, असं सरांनी सांगून टाकलं.

ते दोन दिवस घरात ती माझ्याशी बोलली नाही. मी खोलीत आले की ती उठायची. शेवटी शुक्रवारी मीच तिला दारात अडवलं.

“येईल ना गं मोठा आकडा?”

“तो ठरवून येत नाही,” ती म्हणाली. “तेच तर आहे ना सगळं. एकशे साठात अकरा आले होते. विसात एखादा येईल. चार वेळा केलं तर एकदा असंही होतं की वीसच्या वीस सरळ निघतात.”

“आणि तसं झालं तर?”

“तर तू खोटी ठरशील आणि मीही,” ती म्हणाली, आणि माझ्या बाजूने निघून गेली.

शनिवारी सकाळी चाळीस प्लेटा माझ्यासमोर आल्या. बुडाला छापील नंबर. प्रत्येक आठ अगदी दुसऱ्यासारखा, एकाच्याही डोक्यावर टोपी नाही. कट् करायला घेतलं तर अंगठा ओला. साडीला पुसला आणि सुरू केलं.

शून्य. एक. शून्य. शून्य. चार. दोन. माझ्या पाठीशी चिंगी उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. तेराव्या प्लेटपर्यंत काही नाही. चौदावी दिव्यावर धरली. गजबजलेली! आयुष्यात पहिल्यांदा मी मनात म्हटलं, देवा, ही घाणेरडी प्लेट माझ्या पोरीची असू दे. इतके दिवस जिला लपवत होते तिलाच आता मी ओंजळ पसरून मागत होते. शहाण्णव. बाईंनी मोजले, शहाण्णव.

मग पुन्हा शून्य, शून्य, तीन. सव्विसावीत दोनशे बारा. मोजताना माझा अंगठा बधिर झाला. एकतिसावीत सत्तावन्न. चाळीस संपल्या. तीन गजबजलेल्या प्लेटा बाजूला मांडल्या होत्या आणि कोणती कुणाची, हे खोलीत कुणालाच माहीत नव्हतं.

बाईंनी पर्समधून यादी काढली, चष्मा चढवला.

“शहाण्णव, पोटभर.”

उंटाने मान खाली घातली. स्वतःचा आकडा आला म्हणून एवढा खजील झालेला माणूस मी पाहिला नव्हता.

“दोनशे बारा.” बाईंचं बोट रकान्यातून खाली सरकत गेलं. “पोटभर.”

माझ्या हातातलं यंत्र नकळत वाजलं, कट्.

“सत्तावन्न.” बोट थांबलं. बाईंनी नंबर पुन्हा ताडून पाहिला. “उपाशी.”

मी खुर्चीत तशीच बसून राहिले. चिंगीच्या तोंडून एक आवाज आला, तो आनंदाचा होता की कशाचा मला सांगता येणार नाही. तिचं नाव वाचलं होतं आणि तिचा शोध त्याच क्षणी मेला होता.

बाई कागदावर बराच वेळ गणित मांडत बसल्या. मग म्हणाल्या, “मावशींनी गुरुवारी सांगितलेले अकरा आकडे या मांडणीत बसतात. मनाने रचलेले आकडे असे बसत नाहीत, आणि हे गणित त्यांना येत नाही. मुलीने काही लपवलेलं नाही. तिचा निष्कर्ष मात्र मागे घ्यावा लागेल.”

“घेते,” चिंगी म्हणाली.

नियमाप्रमाणे दोघींपैकी एकीने प्रयोगशाळा सोडायला हवी होती. सरांना ते तोंडाने म्हणायचं जड जात होतं, म्हणून मीच यंत्र टेबलावर ठेवलं आणि शेजारच्या, सगळ्या प्रयोगशाळांच्या सामायिक धुण्याच्या खोलीत काम द्या म्हणाले. बाहेर पॅसेजमध्ये चिंगीने मला गाठलं. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“शाळेत माझी गणितं तू पुसून बरोबर करायचीस,” ती म्हणाली. “मला तेव्हाही कळायचं. माझ्या हातचे नसलेले आकडे मला दिसायचे. मावशी, मला खरंच काही येतं की नाही, हे मला आजपर्यंत कधी कळलंच नाही गं. यावेळी वाटलं होतं, कळलं.”

माफ कर, एवढं म्हणाले. ती गेली.

आता मी काचेच्या प्लेटा धुते. आधी वाफेच्या भांड्यात घालायच्या, जिवाणू मरू द्यायचे, मग बुडाचा नंबर घासून पुसायचा. पुसायचंच काम मिळालं मला, पण आता आकडा वहीत चढल्यानंतर. मोजायला उंट बसतो. हळू मोजतो, भिंतीपलीकडून त्याचं कट् कट् ऐकू येतं आणि मधेच थांबला की माझा जीव खालीवर होतो. चिंगी घरी कामापुरतं बोलते. कामावर तर तीन आठवडे तिने मला हाकच मारली नव्हती.

दिवसातून पन्नास वेळा लोक धुण्याच्या दारातून मावशी, मावशी करत असतात. मावशी, ट्यूब संपल्या. मावशी, पाणी गेलं का? मी मागे न बघता ओ देते. काल दुपारी माझे हात कोपरापर्यंत फेसात होते आणि दारातून हाक आली, “मावशी.”

छापील नंबर लावा नाहीतर यादी कुलपात ठेवा, ही कुणाची हाक ते मला वळून बघावं लागलं नाही.

“धुवायला आणलीय,” चिंगी म्हणाली. तिच्या हातात एकच प्लेट होती. “नवीन काम सुरू केलंय. एकशे अठरा आले हिच्यात. उंटाने दोनदा मोजले.”

“वहीत किती लिहिले?”

“एकशे अठरा.”

मी हात पुसले आणि प्लेट घेतली. दिवा डोक्यावरच होता. अंगठा सवयीने हलला, पण मी ती दिव्यावर धरली नाही. सरळ वाफेच्या भांड्यात ठेवली आणि झाकण लावलं.